मागच्या रांगेतली लेक

बैठकीत आपण नेहमी हप्ता, व्याज, शेळीपालन, बँकेची कागदपत्रं यावर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण आपल्याच घरातला आहे. आपल्या मुली शाळेत व्हॉलीबॉल खेळतात. गावात आपण त्याला हॉलीबॉल म्हणतो. त्या खेळात मागं उभी राहून बॉल उचलणारी एक मुलगी असते, आज मी तिच्याविषयी बोलणार आहे. तिच्या जागेला लिबेरो म्हणतात.

हा विषय निघाला एका गटाच्या बैठकीत. एक ताई म्हणाल्या, "पोरगी नववीत आहे. तालुक्याच्या स्पर्धेला मी रोज बुडवून गेले. बघते तर सगळ्या पोरींचा शर्ट एका रंगाचा, आमच्या पोरीचा वेगळा. सारखी आत-बाहेर करत होती. एकदाही बॉल मारला नाही, सर्व्हिसपण केली नाही. गुडघे तेवढे फोडून आली. तिचे बाबा म्हणतात, खेळत नाही तर कशाला पाठवायची? शनिवार-रविवार शेतात तरी येईल." बैठकीतल्या चार-पाच जणींनी माना डोलावल्या. सोयाबीन काढणीच्या दिवसांत दोन हात कमी पडतात, हे मलाही माहीत आहे. पण त्या मुलीचा खेळ बंद होणार होता तो कामापायी नव्हे. ती काय करते हेच घरात कुणाला कळलं नव्हतं. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

आधी मैदान बघू. व्हॉलीबॉलचं मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असतं. मधोमध जाळी. मोठ्या बायकांच्या सामन्यात जाळीची उंची २.२४ मीटर, म्हणजे साधारण सात फूट चार इंच. लहान वयोगटाला ती खाली घेतात. एका बाजूला सहा जणी, तीन पुढं आणि तीन मागं. बॉल आपल्या बाजूला आला की जास्तीत जास्त तीन हातांत तो पलीकडं गेला पाहिजे. पहिली बॉल उचलते, दुसरी तो जाळीजवळ उंच करून देते, तिसरी उडी मारून हाणते. दुसरीला सेटर म्हणतात. टाळ्या तिसरीला मिळतात. पण पहिलीचा हात चुकला तर दुसरी आणि तिसरी काय करणार? पीठच नीट भिजलं नाही तर भाकरी थापणारीचा हात कितीही चांगला असू दे, भाकरी फाटतेच.

आता जागा बदलण्याचा नियम. समोरच्यांची सर्व्हिस मोडून आपल्याला सर्व्हिस मिळाली की आपल्या सहाही जणी घड्याळाच्या काट्याप्रमाणं एकेक जागा सरकतात. त्यामुळं पुढं उंच उडणारी मुलगी कधी ना कधी मागं येतेच. उंच मुलीला खाली वाकून बॉल काढणं बरेचदा अवघड जातं. समोरचे नेमकं तिच्यावरच बॉल टाकतात. ही अडचण सोडवायला १९९८ साली आंतरराष्ट्रीय नियमांत लिबेरो ही जागा आली. हा इटालियन शब्द आहे, अर्थ 'मोकळा'. लिबेरो मागच्या रांगेतल्या कुणाच्याही जागी येऊ शकते आणि परत बाहेर जाऊ शकते. बाकीच्या खेळाडूंची अदलाबदल एका डावात सहाच वेळा करता येते. लिबेरोचं येणं-जाणं त्यात मोजतच नाहीत. म्हणून ती सारखी आत-बाहेर करते. तिला कुणी काढून टाकत नाही, तिचं काम संपलं की ती बाहेर येते आणि काम आलं की आत जाते.

आणि शर्ट? तो वेगळा असतो कारण ही मुलगी लिबेरो आहे हे पंचांना लांबूनही ओळखता यायला हवं. तिला काही गोष्टींची बंदी आहे. ती पुढच्या रांगेत खेळू शकत नाही, जाळीवर हात लावून अडवू शकत नाही, आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणं सर्व्हिस करू शकत नाही. बॉल जाळीच्या वर असताना तो पलीकडं हाणूही शकत नाही. म्हणजे त्या ताईंनी जे बघितलं, मुलीनं बॉल मारला नाही, सर्व्हिस केली नाही, ते नियमाप्रमाणंच होतं. मारण्याची परवानगीच नसलेल्या मुलीला 'तू मारत का नाहीस' म्हणायचं, हे बरोबर नाही ना?

काही प्रशिक्षक दुसऱ्या पद्धतीनंही बचावाची मुलगी उतरवतात. ती साध्या बदलीनं येते, शर्ट संघाचाच असतो, सर्व्हिसही करू शकते. पण ती बदली त्या सहांत मोजली जाते. तुमची मुलगी यातली कोणती, हे तिलाच विचारा. ती आनंदानं समजावून सांगेल.

आपल्याकडं खो-खो आणि कबड्डी घरोघरी कळते. खो-खोत पळणारी दोन-अडीच मिनिटं टिकली तर पेपरात तिच्या नावापुढं कंसात मिनिटं छापतात. कबड्डीत कोपऱ्यावरच्या मुलीनं पकड केली की गुण दिसतो. व्हॉलीबॉलमधल्या लिबेरोच्या नावावर मात्र फलकावर गुण लागत नाही. तिनं वीस बॉल उचलले तर कुणी मोजत नाही. एकविसावा सुटला तर सगळं मैदान बघतं. पूर्वी ज्यांची सर्व्हिस असेल त्यांनाच गुण मिळायचा. आता प्रत्येक बॉलला कुणाला ना कुणाला गुण मिळतो. त्यामुळं मागच्या मुलीनं वाचवलेल्या प्रत्येक बॉलची किंमत वाढली आहे. घरात आपलंही असंच असतं. रोजच्या भाकरीची कुणी दखल घेत नाही, मीठ जास्त पडलं की लगेच आवाज येतो. म्हणून या मुलीचं काम आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं.

"आमची बुटकी आहे म्हणून मागं टाकली," असंही काही आया म्हणतात. जपानच्या यूको सानो यांची उंची १५९ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट तीन इंचही नाही. आपल्या गावातल्या कितीतरी मुली तेवढ्या आहेत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिलांनी कांस्यपदक जिंकलं, तेव्हा त्या संघाच्या लिबेरो होत्या. आता तर नियमाप्रमाणं लिबेरो संघाची कर्णधारही होऊ शकते.

जपानचीच आणखी एक गोष्ट सांगते. आपल्या विट्याच्या भगिनींना ती जवळची वाटेल. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला. जपानच्या महिला संघातल्या बहुतेक मुली काइझुका इथल्या निचिबो कापड गिरणीत नोकरी करणाऱ्या होत्या. दिवसा गिरणीचं काम, मग रात्री उशिरापर्यंत सराव. समोर उंच आणि ताकदीच्या सोव्हिएत रशियाच्या खेळाडू. या मुलींनी बचावावर भर दिला. पडत्या बॉलवर झेप घ्यायची, बॉल उचलायचा, जमिनीवर गोल लोळायचं आणि त्याच झटक्यात उभं राहायचं, ही पद्धत त्यांनी पक्की केली. सोव्हिएत संघाविरुद्धचा शेवटचा सामना त्यांनी ३-० असा जिंकला. तेव्हा लिबेरो हा शब्दही नियमांत नव्हता. त्यांचे प्रशिक्षक दाइमात्सु यांचा सराव फार कठोर होता, तेवढा आपल्या शाळकरी मुलींना नको. पण बचावाच्या जोरावर सुवर्णपदक मिळतं, हे त्या गिरणीतल्या मुलींनी दाखवलं.

पुढच्या वेळी सामना बघायला गेलात तर बॉल सोडून आपल्या मुलीकडं बघा. पहिलं, समोरची सर्व्हिस करायच्या आधी ती गुडघ्यात वाकून, हात मोकळे ठेवून तयार असते का. दुसरं, ती बोलते का. 'माझा', 'सोड', 'बाहेर' असं ओरडून ती बाकीच्यांना सांगते का. आपल्या मुलींना आपण हळू बोल, हळू बोल शिकवतो. इथं मोठ्यानं बोलणं हे तिचं काम आहे. तिसरं, बॉल सुटल्यावर ती किती वेळात परत तयार होते.

गटात आपण वही लिहितो, तशी या खेळाचीही लिहा. पानावर तीन रकाने करा. बॉल सरळ सेटरच्या हातात गेला, पहिल्या रकान्यात रेघ. बॉल वर राहिला पण सेटरला पळावं लागलं, दुसऱ्यात रेघ. बॉल मेला, तिसऱ्यात रेघ. लिहिता येत नसेल तरी रेघ मारता येते. दोन-तीन सामन्यांच्या रेघा शेजारी ठेवल्या की मुलगी कुठं सुधारली ते तुम्हालाच दिसेल. घरी आल्यावर 'जिंकलात का' एवढंच विचारू नका. 'आज सेटरच्या हातात किती दिलेस' असं विचारून बघा. तिचा चेहरा बघण्यासारखा होईल.

आता सरांशी किंवा मॅडमशी काय बोलायचं. 'माझ्या पोरीला मागं का टाकली' असं भांडू नका. पण एक गोष्ट जरूर विचारा, विशेषतः मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर. 'ही सर्व्हिस आणि स्मॅशसुद्धा शिकते ना?' या वयात उंची वाढायची असते. आज बुटकी दिसणारी दोन वर्षांत सगळ्यांत उंच होऊ शकते. सरावात सगळ्या मुलींना सगळं शिकवायला हवं, जागा नंतर ठरते. सामन्यात ती लिबेरो असू दे, पण सरावात तिला फक्त बॉल गोळा करायला लावत असतील तर ते चुकीचं आहे. ते शांतपणे, पण स्पष्ट सांगा.

पुढचा मुद्दा अंगाचा. सुरुवातीला हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल होतात. सवयीनं ते कमी होतं. पण गुडघा सुजला, बोट वाकडं दिसलं, चार दिवसांत दुखणं थांबलं नाही, तर हळद लावून घरी ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याचे पॅड घ्या. मुलगी लिबेरो असेल तर ही खरेदी चैनीची नाही. आपली मैदानं मुरमाची आहेत. कडक मुरमावर झेप घ्यायला लावणं बरं नाही. आधी खडे वेचले पाहिजेत, पाणी मारलं पाहिजे. झेप शिकायची तर मऊ माती, वाळू किंवा गादी हवी. एका रविवारी गटाच्या दहा बायका गेल्या तर शाळेचं मैदान खडे वेचून साफ होतं. पाण्याच्या टँकरसाठी ग्रामपंचायतीला अर्ज देता येतो. खेळणाऱ्या मुलीच्या पोटाकडंही बघा. शेंगदाणे, गूळ, मटकी, अंडं, दूध यातलं जे घरात आहे ते तिच्या ताटात मुलाइतकंच पडू दे. पाळीत दुखत नसेल तर खेळायला हरकत नाही. दुखत असेल तर तसं सांगायची लाज वाटू नये, एवढं मोकळेपण घरात ठेवा.

बाहेरगावी जाताना सोबत बाई शिक्षिका कोण आहेत, मुक्काम कुठं आहे, परत कधी येणार, हे लेखी घ्या. कपड्यांचा प्रश्न घरात निघतो. सराव तर पूर्ण ट्रॅकपँट आणि बाह्यांच्या टी-शर्टवर होतो. सामन्याच्या पोशाखाविषयी आधी शिक्षकांशी बोला. कपड्यांवरून मुलीचा खेळ थांबवण्याआधी दोन पावलं आपण चालायला काय हरकत आहे?

शेवटी कागदाचं. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग आणि राज्य. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागात येतात. या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. पात्र खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी लागते ते ठरलेलं आहे आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. तालुक्याला खेळली म्हणजे नोकरी लागली, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण प्रमाणपत्र मात्र जपा. आधार कार्ड ठेवता त्याच पिशवीत ठेवा आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणं आहे का ते आल्याबरोबर बघा. संघानं मिळवलेलं यश लिबेरोचंही असतं, तिलाही तेच प्रमाणपत्र मिळतं.

त्या ताईंची मुलगी अजून खेळते आहे. घरात वेळ ठरली आहे, काढणीच्या आठवड्यात ती शनिवारी सराव करून शेतात जाते. सगळे प्रश्न सुटले असं नाही, पण बाबा एकदा सामना बघायला येतो म्हणालेत.

मैत्रिणींनो, नववी-दहावीत आपल्या कितीतरी मुलींचा खेळ बंद होतो. कुणाचं लग्न काढतात, कुणाला कामाला लावतात, कुणाला 'आता मोठी झालीस' म्हणून घरात बसवतात. मैदानावर रोज बॉलसाठी झेप घेणारी, पडून उठणारी आणि मोठ्यानं 'माझा' म्हणणारी मुलगी उद्या घरातही स्वतःचं म्हणणं मांडू शकते. तिच्या मागं आपण उभं राहू या.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढंच करा. आपल्या गटातल्या किती जणींच्या मुली खेळतात, कोणत्या जागेवर खेळतात आणि कुणाकडं गुडघ्याचे पॅड नाहीत, याची यादी करा. ती यादी घेऊन शाळेत जाऊ.