ब्रिस्टलच्या बसगाड्या



१९४५ च्या जुलैत ब्रिटिश मतदारांनी चर्चिलना दूर सारून मजूर पक्षाला ३९३ जागा दिल्या. ५ जुलै १९४८ रोजी ॲन्युरिन बेव्हन यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि खाणकामगाराच्या पोराला खिसा न चाचपता डॉक्टर मिळू लागला. हे यश लहान नव्हे.

पण रुग्णालये आणि बसगाड्या चालविण्यास माणसे अपुरी पडली, तेव्हा ती जुन्या साम्राज्यातूनच आली. त्यांच्याशी कामगार चळवळ कशी वागली?

ब्रिस्टलची बस कंपनी काळ्या माणसाला कार्यशाळेत घेई, उपाहारगृहात घेई. वाहक म्हणून मात्र नाही. आणि या बंदीमागे केवळ मालक नव्हते. वाहतूक कामगारांच्या युनियनच्या स्थानिक शाखेनेच १९५५ मध्ये तसा ठराव केला होता! मूळ पगार तुटपुंजा, संसार ओव्हरटाइमवर चाललेला. नवे हात आले तर तो आटेल, ही धास्ती. धास्ती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. परंतु तिचे उत्तर मालकाकडून पगारवाढ मिळविणे हे होते, शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवणे नव्हे.

१९६३ च्या एप्रिलअखेर पॉल स्टीफनसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवर बहिष्कार पुकारला. २८ ऑगस्टला बंदी उठली. सप्टेंबरात रघबीर सिंग हे शीख गृहस्थ तेथील पहिले गौरेतर वाहक झाले. मजूर पक्षाच्या सरकारचा १९६५ चा वर्णभेदविरोधी कायदा सार्वजनिक स्थळांपुरताच राहिला. नोकरी आणि घर त्याच्या कक्षेत यायला १९६८ उजाडले.