गोधडी आणि दान



गोधडी ही आपल्या माता-भगिनींची कला. जुनी सुती लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जायचे. भिक्खूसंघाचे चीवरही तुकडे जोडूनच झाले. मगधातील बांध घातलेली भातखाचरे पाहून भगवंतांनी तसे चीवर सुचविले व आनंदाने ते बेतले, असे विनयपिटकातील महावग्ग सांगतो. तशी खाचरे कुळगावच्या आसपास आपणही पाहिली आहेत.

आम्ही काहीजणी फावल्या वेळात एकत्र बसून गोधड्या शिवतो. हौसेने सुरुवात केली. काही गोधड्या विकून मुलांना वह्या घेतो, काही गरजूंना देतो. पहिल्या वर्षी विरलेले कापड न पाहताच जोडले. एका वृद्ध आईंना दिलेली गोधडी पहिल्याच धुण्यात उसवली. त्यांनी तक्रार केली नाही. स्वतःच सुईदोरा घेऊन बसल्या. ते पाहून आम्ही खजील झालो. आपण दान दिले की घरातली अडगळ काढली?

तेव्हापासून प्रत्येक तुकडा उजेडात धरून, ताणून पाहतो. आपल्या लेकराच्या अंगावर जे घालणार नाही, ते दुसऱ्याला द्यायचे नाही, हा नियम केला. त्या आईंनाही बोलावले. आता त्याच आम्हाला टाके शिकवितात.

मित्रांनो, घरातील जुने सुती कापड धुऊन आणा आणि तासभर आमच्यासोबत बसा. सुई मुलांनीही धरावी, एवढीच विनंती. जय भीम!