डग्ग्याचा घुमारा कोठे हरवतो?

तबल्याची जोडी पुढे घेऊन बसलेल्या वादकाला डग्ग्याचा जो भरदार घुमारा ऐकू येतो, तो घरच्या घरी केलेल्या ध्वनिमुद्रणात बहुधा सापडत नाही. उजव्या हाताची चाट खणखणीत उमटते; 'ना' आणि 'तिं' अगदी स्वच्छ. पण 'धा' ऐकावा तर तो जवळजवळ 'ता'च, आणि 'घे' म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर पडलेली थाप! पूर्वी ध्वनिमुद्रण हा नभोवाणीचा किंवा ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांचा विषय होता. आता ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले आहे आणि त्याबरोबर ही तक्रारही घरोघर पोहोचली आहे.

तक्रार केवळ हौसेची असती, तर तिची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु इंदूर, बडोदे किंवा बंगळूर येथे राहणारा एखादा विद्यार्थी आपला रियाज मुद्रित करून पुण्यामुंबईच्या गुरूंकडे पाठवितो, आणि गुरू त्यावरूनच त्याच्या डाव्या हाताची पारख करतात. 'डावा बोलत नाही' असा अभिप्राय येतो. मग विद्यार्थी डग्ग्यावर अधिक जोराने हात टाकू लागतो. आघात वाढला म्हणजे मनगटाचा दाब बिघडतो, घसीट तुटते, आणि यंत्राच्या उणिवेपायी हाताला खोड लागते. म्हणून डाव्या हाताला दोष देण्यापूर्वी खोलीची आणि मायक्रोफोनची झडती घेणे न्यायाचे होय.

डग्ग्याचा मूळ नाद सेकंदाला शंभर आंदोलनांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही खाली असतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. अर्थात शंभर आंदोलनांच्या नादाची एक लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब पडते. शहरातल्या सामान्य खोलीची लांबीही तेवढीच. लहर आणि खोली अशी समसमान झाली, की भिंतींवरून परतलेला ध्वनी मूळ ध्वनीशी कोठे हातमिळवणी करतो, तर कोठे त्याला पुसून टाकतो. समजा, मायक्रोफोन मागच्या भिंतीपासून पावणेतीन फुटांवर आहे. त्याच्यावरून पुढे गेलेला नाद भिंतीवर आपटून परत येईपर्यंत अर्ध्या लहरीइतका मागे पडतो आणि नव्याने येणाऱ्या नादाला बऱ्याच अंशी मारतो. वादक तसूभरही चुकलेला नसतो. हीच जागा दीड-दोन फुटांनी बदलली, तर हरवलेला 'घे' पुष्कळदा परत येतो.

डग्ग्याच्या बाबतीत ही अडचण आणखी नाजूक होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुढे १९३४ साली स्वतंत्रपणे आपल्या चर्मवाद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाईमुळे कातड्यातून परस्परांशी सुसंवादी असे स्वर निघतात, हे त्यांनी दाखवून दिले. डग्ग्यावरील शाई मात्र मध्यावर नसून एका बाजूला असते, आणि मोकळ्या जागेवर मनगट दाबून सरकविल्याने स्वर खालून वर चढत जातो. मींडेचे सारे सौंदर्य या चढण्यात आहे. आता असा सरकता स्वर खोलीतून जाऊ लागला, की वाटेतले काही स्वर खोली उचलून धरते आणि काही गिळते. ऐकणाऱ्यास वाटते, दाब असमान पडला! यंत्रावर एकच खालचा पट्टा खूप वाढविला तरी हेच घडते: एक स्वर फुगतो, शेजारचा उपाशी राहतो. तेव्हा वाढवायचे झाल्यास ऐंशी ते शंभरच्या परिसरात, रुंद पट्ट्यात, दोन-तीन डेसिबलच वाढवावे. आणि तीनशेच्या आसपासचा कोंदटपणा थोडा उतरवावा. पुष्कळदा या उतरविण्यानेच डग्गा मोकळा होतो.

पण ते शेवटचे काम. आधी डग्गा खोलीच्या ऐन मध्यातून हलवावा. मायक्रोफोन पुडीपासून वीत-दीड वीत अंतरावर आणावा, म्हणजे खोलीपेक्षा वाद्य अधिक ऐकू येते. एका दिशेने ऐकणारा मायक्रोफोन जवळ आणल्यास खालचे स्वर आपोआप भरतात. चारही बाजूंनी सारखेच ऐकणाऱ्या मायक्रोफोनात हा गुण नाही. त्यावर खालचे स्वर गाळणारी कळ असेल, तर ती बंद आहे ना, हे पाहावे. भिंतींवर गोधड्या टांगण्याची हौस अनेकांना असते. तिने चाटेची धार तेवढी बोथट होते. डग्ग्याची लांब लहर असल्या गोधडीला जुमानत नाही.

तबल्याला एक आणि डग्ग्याला एक असे दोन मायक्रोफोन लावले असतील, तर एका तारेची जोडणी उलटी असणे शक्य आहे. मग दोन्हींत शिरलेला डग्गा एकमेकांना खोडून काढतो. एकाची बाजू उलटवून ऐकावे. ज्या स्थितीत आवाज भरतो, ती ठेवावी. दूरध्वनीवरील संभाषणासाठी केलेली योजना मनुष्यवाणी तेवढी खरी मानते आणि घुमाऱ्याला गोंगाट समजून दाबू पाहते; रियाज तिच्यावरून ऐकवू नये, वेगळा मुद्रित करून पाठवावा.

आणि ऐकायचे कशावर? खिशातल्या यंत्राचा चिमुकला ध्वनिवर्धक शंभर आंदोलने नीट काढूच शकत नाही. त्यातही फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविल्याप्रमाणे, आवाज लहान ठेवला की मानवी कान खालच्या स्वरांना अधिकच बहिरा होतो. सुदैवाने मूळ स्वर नसला तरी त्याचे वरचे सोबती स्वर ऐकून कान त्याची कल्पना करून घेतो. म्हणूनच लहान यंत्रावरही चांगला डग्गा ओळखू येतो. तरीही परीक्षा कानाला लावण्याच्या चांगल्या श्रवणयंत्रावरच व्हावी.

पावसाळी हवेत पुडी सैल पडली असेल, किंवा डग्गा चुंबळीवर नीट बसला नसेल, तर मात्र वरील एकही उपाय चालणार नाही. ते काम हातोडीचे आहे. ते उरकून विद्यार्थ्याने आरंभी चार मोकळे 'घे' आणि एक सावकाश मींड मुद्रित करावी, मायक्रोफोन किती अंतरावर आहे ते तोंडाने सांगावे, आणि मग कायद्याला हात घालावा.