आवडतें गाणें दुसऱ्यास दाखवितांना

जेवणें आटोपून पाहुणे दिवाणखान्यांत बसले म्हणजे, ज्या घरीं ग्रामोफोन असे त्या घरचा यजमान पूर्वीं तबकड्यांची पेटी बाहेर काढी. चावी भरली जाई, सुई बदलली जाई, आणि तबकडीच्या एका बाजूचीं तीन-साडेतीन मिनिटें सर्वांनीं गप्प बसावें असा अलिखित दंडक असे. आज त्या पेटीची जागा खिशांतल्या मोबाइलनें घेतली आहे, आणि गाणें नुसतें ऐकावयाचें नसून पाहावयाचेंहि झालें आहे. यजमानाची उत्कंठा मात्र तीच आहे. तो पडद्याकडे पाहत नाहीं. पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. पाहुणा अर्ध्यावरच "छान आहे हो" म्हणतो, आणि तेवढ्यानें यजमानाचा विरस होतो.

हा दोष पाहुण्याच्या अरसिकतेचा नव्हे. एखादें चित्रगीत माणसास प्रिय होतें तें केवळ सुरांमुळें किंवा नटीच्या रूपामुळें क्वचितच. तें प्रथम पाहिलें तेव्हां शेजारीं कोण बसलें होतें, तिकिटाचे पैसे कोणी दिले होते, घरीं परततांना पाऊस लागला होता कीं काय, हें सारें त्या गाण्यास चिकटून राहिलेलें असतें. आणि यांतलें कांहींच चित्रांत उमटलेलें नसतें. दाखविणाऱ्यास तें दिसतें, पाहणाऱ्यास दिसत नाहीं. दिवसाकाठीं दहा-दहा गाणीं एका शब्दाविना मित्रांस धाडणाऱ्या मंडळींनीं या गोष्टीचा थोडा विचार करावयास हरकत नाहीं.

पुण्यांतील एका कुटुंबानें यावर एक साधा उपाय योजला आहे. रविवारीं रात्रीं मंडळी जमली म्हणजे ज्यास गाणें दाखवावयाचें असेल त्यानें आधीं त्याची आपली हकीकत सांगावी, मग गाणें लावावें. हकीकत गाण्याहून लांबूं नये असाहि एक पोटनियम आहे. तो अर्थातच कोणी पाळीत नाहीं.

नातवंडांच्या हकीकती अद्याप लहान आहेत. बहुतेक कॉलेजच्या सहलींच्या. वडील माणसांपाशीं मात्र सांगण्यासारखें असतें. मुलांच्या वडिलांचें बालपण दादरच्या एका चाळींत गेलें. मजल्यावर टेलिव्हिजनचा संच एकच. गुरुवारीं छायागीताच्या वेळीं त्या खोलीच्या दाराशीं चपलांचा असा ढीग पडे, कीं परततांना पायांत दुसऱ्याची चप्पल येणें हा नित्याचा प्रकार होता. पुढें १५ ऑगस्ट १९८८ रोजीं "मिले सुर मेरा तुम्हारा" हें गीत दूरदर्शनवरून प्रथम दाखविण्यांत आलें. शब्द पीयूष पांडे यांचे, आरंभ पंडित भीमसेन जोशी यांच्या भैरवीनें, आणि मग एकामागून एक भारतीय भाषांतून तोच भाव. चाळींतील पोरांना पुढचा चेहरा कोणाचा, हें आधीं ओळखण्याचा छंद लागला. पण वडिलांच्या स्मरणांत राहिली आहे ती शेजारची धारवाडकडील एक बाई. गीत सुरू झालें तरी ती स्वयंपाकघरांतून हलत नसे. कन्नड ओळ जवळ आली म्हणजे पदराला हात पुशीत दाराशीं येई, तेवढी एकच ओळ उभ्यानें ऐके, आणि पुन्हां पोळपाटाकडे वळे. सबंध गीत तिनें एकदांहि पाहिलें नाहीं. ही हकीकत ऐकल्यावर घरांतील मुलांनीं तें गीत लावलें, आणि कन्नड ओळीशीं येतांच सर्वांच्या माना आपोआप दाराकडे वळल्या.

आजींचे धाकटे बंधु, ज्यांस घरांत सर्व लहानथोर मामाच म्हणतात, यांची तऱ्हा निराळी. जुन्या चित्रपटांचीं सालें, नांवें आणि श्रेयनामावली त्यांस मुखोद्गत. त्यांनीं १९३६ सालच्या "संत तुकाराम" मधील विष्णुपंत पागनीस यांचें एक पद लावलें, आणि तें तुकोबांचें नसून शांताराम आठवले यांनीं चित्रपटाकरितां रचिलें आहे, तथापि भलेभले तें तुकोबांचेंच धरून चालले, हें मोठ्या रंगानें सांगितलें. चित्रपटाचा व्हेनिस येथें १९३७ सालीं झालेला गौरवहि त्यांत आलाच. ही हकीकत खरी आहे, सुरसहि आहे. तिच्यांत उणीव एवढीच कीं ती मामांची नव्हे; ती कोणीहि सांगावी.

मामांचें खरें दुःख दुसरेंच आहे, आणि तें ऐकण्यासारखें आहे. जीं गाणीं आतां कोणासच दाखवितां यावयाचीं नाहींत, त्यांचा हिशेब ते मनाशीं ठेवून असतात. "आलम आरा" हा पहिला हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें लागला. त्यांत सात गाणीं होतीं. गाणें आणि चित्र त्या काळीं एकाच वेळीं मुद्रित होई. वादकांस कॅमेऱ्याच्या दृष्टीआड दडवून बसवीत. त्या बोलपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. वझीर महंमद खान यांनीं फकिराच्या वेषांत गायिलेलें गाणें ज्यांनीं पडद्यावर पाहिलें, त्यांच्याबरोबर तें पाहणें संपलें. जुन्या फिती नायट्रेटच्या असत. त्या ठिणगीनें पेटतात आणि नुसत्या ठेवल्या तरी कुजतात. १९६४ सालीं पुण्यांत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें म्हणून पुष्कळ कांहीं वांचलें. तरी २००३ सालच्या जानेवारींत लागलेल्या आगींत नायट्रेटच्या कितीतरी फिती भस्म झाल्या, त्यांत प्रभातच्याहि होत्या.

मामांचें हें चाललें असतां आजी मध्येंच म्हणाल्या, "गेलेल्यांचें राहूं दे. 'कुंकू' मिळतो ना? त्यांतलें शांता आपटे यांचें एक गाणें लावा."

नियमाप्रमाणें हकीकत आधीं यावयाची. आजींनीं ती सांगितली नाहीं. गाणें लावलें गेलें. १९३७ सालचा हा प्रभातचा बोलपट, ना. ह. आपटे यांच्या "न पटणारी गोष्ट" या कादंबरीवरून शांताराम यांनीं घेतलेला. म्हाताऱ्या वराशीं फसवून लावलेलें लग्न लग्न म्हणून मानण्यास नकार देणारी नीरा ही त्याची नायिका. पार्श्वसंगीताऐवजीं नित्याच्या व्यवहारांतील आवाजच वापरल्यामुळें गाण्यांच्या मधली शांतता त्यांत विलक्षण जाणवते. गाणें संपलें, आणि आजी बोलूं लागल्या.

त्यांच्या आईचें लग्न त्याच वर्षीं झालें. आई सतरा वर्षांची. वडील, म्हणजे नाना, बेचाळिशीचे, बिजवर, पदरीं दोन मुलें. नाना कर्मठ नव्हते. "संत तुकाराम" पाहावयास त्यांनीं पुढें आईस स्वतः नेलें होतें. "कुंकू" चें नांव मात्र त्या घरांत कोणी काढीत नसे. आई तांदूळ निवडावयास बसली म्हणजे एक चाल गुणगुणे. शब्द नाहींत, नुसती चाल. मुलांना वाटे, माहेरची एखादी ओवी असेल. आई १९८६ सालीं गेली. त्यानंतर कांहीं वर्षांनीं कोणीं तरी "कुंकू" ची कॅसेट आणली. शांता आपटे यांनीं तोंड उघडलें, आणि आजींना ती चाल ओळखूं आली. हें त्यांनीं आजवर कोणास सांगितलें नव्हतें, यजमानांसहि नाहीं आणि भावासहि नाहीं.

"छान आहे" असें या वेळीं कोणी म्हणालें नाहीं. प्रथम बोलले ते मामा. पुरावा तपासण्याची त्यांस संवयच आहे.

"ताई, त्या गाण्यांच्या तबकड्या तेव्हां घरोघर वाजत असत. समोरच्या वाड्यांत ग्रामोफोन होता. आईनें तेथून ऐकलें असेल. तिनें बोलपट पाहिलाच, असें कशावरून?"

"तसेंहि असेल," आजी म्हणाल्या. "पण तबकडीबरोबर शब्दहि ऐकूं येतात ना? शब्द ती कधीं म्हणाली नाहीं. नुसती चाल नानांना ओळखूं आली नसती. शब्द आले असते."

"नाना वाईट नव्हते."

"मीं कोठें म्हटलें? शेवटच्या दुखण्यांत तिनेंच त्यांचें सारें केलें. पण ती चालहि म्हणत राहिली, त्यांच्यामागेंसुद्धां."

पणजीनें तो बोलपट पाहिला कीं नाहीं, पाहिला तर कोणाबरोबर, घरीं काय सांगून, याचा उलगडा आतां होणें नाहीं. तो सांगूं शकेल असें कोणी उरलेलें नाहीं. मामांपाशीं बोलपटाचें साल आहे, संगीत केशवराव भोळे यांचें, काकासाहेबांच्या भूमिकेंत केशवराव दाते, हेंहि आहे. पण आपली सतरा वर्षांची आई त्या अंधारांत कोणत्या खुर्चीवर बसली होती, किंवा बसलीच नव्हती, हें नाहीं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं विचारलें, "तांदूळ निवडतांनाच ना?"

"हो. आणि तुझे सदरे शिवतांना."

नातीनें कोणास न विचारतां गाणें पुन्हां लावलें.