हिशेबाच्या वहीत आपलं नाव

(महिला दिनानिमित्त सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'घरखर्चातलं खाण्याचं बजेट'. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. पण वीस-बावीस वर्षं रोज रात्री वही लिहिते, एवढ्या भांडवलावर बोलते.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या ह्यांची कंपनी बंद झाली. घरात आम्ही पाच माणसं, दोन मुलं शाळेत. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती, आठवतंय ना? फ्लॅटचा हप्ता, मेंटेनन्स आणि शाळेची फी यांना हात लावता येत नव्हता. राहिलं स्वयंपाकघर.

वही उघडली. खाण्याचा महिन्याचा खर्च साडेनऊ हजार होता. त्यात वाणसामान ३,८००, दूध १,८००, भाजी-फळं २,२०० आणि बाहेरचं खाणं, फरसाण, बिस्किटं १,७००. हा शेवटचा आकडा बघून मीच चकित झाले. घरात कुणाला विचारलं असतं, तर 'आपण कुठे बाहेर खातो?' असंच म्हणाले असते. म्हणून पहिली गोष्ट सांगते. आधी तीन महिने नुसतं लिहा, काही कमी करू नका. पाणीपुरीसुद्धा लिहा.

मग कात्री लावली. बाहेरचं ३०० वर आणलं. आमटीत तुरीच्या जोडीला मसूर आणि मूग आले. आठवड्याला काय काय टाकून देतो तेही लिहायला लागले. कोमेजलेली कोथिंबीर, आंबलेला भात, फ्रिजमध्ये मागे सरकलेली वाटी. ते बघून भाजी एकदम आठवड्याची न आणता दोन-तीन दिवसांची आणायला लागले. महिन्याचा खर्च साडेसहा हजारांवर आला. नात्यात, शेजारीपाजारी कौतुक झालं. मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

पण मंडळी, एक गोष्ट त्या वहीत नव्हती. दूध दीड लिटरवरून एक लिटर केलं, तेव्हा मुलांचा पेला तसाच राहिला, सासूबाईंचाही राहिला. गेला तो माझा. फळ मुलांपुरतं आणायचं. उसळ उरली तर माझी, नाही उरली तर शिळी पोळी आणि चहा. हे कुणी मला सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं, आणि ठरवलंय हे मलाही कळलं नव्हतं.

मे महिन्यात लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसले ती उठेचना. तिथल्या वहिनींनी पाणी दिलं, घरी निरोप धाडला. तपासणीत हिमोग्लोबिन ७.८ निघालं. बाईचं निदान १२ असावं लागतं. माझं दूध-फळ वाचवून महिन्याला पाचेकशे रुपये वाचत होते, म्हणजे आठ महिन्यांत चार हजार. तपासण्या, इंजेक्शनं, गोळ्या यांत सात हजारांवर गेले. हाही हिशेब मी वहीत लिहिला.

त्या रात्री सासूबाईंनी वही मागून घेतली. मला वाटलं, खर्च बघतायत. त्यांनी पहिल्या पानावर थरथरत्या अक्षरात लिहिलं: 'सूनबाई. दूध एक पेला. फळ एक. पालेभाजी रोज.' आणि म्हणाल्या, "मी पण हेच केलं गं आयुष्यभर. मला कुणी लिहून दिलं नाही."

तेव्हापासून माझं बजेट उलटं सुरू होतं. आधी घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि त्याच्या ताटात काय हवं ते. मग त्याचे पैसे. त्यानंतर कात्री, आणि तीसुद्धा ताटाबाहेरच्या गोष्टींना. डॉक्टरांनी सांगितलेलं फुकटातलं औषधही सांगून ठेवते. पालेभाजीवर, आमटीवर लिंबू पिळा, आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे या सभागृहात शेजारी शेजारी बसलेल्या दोघींपैकी एक तरी असू शकते.

आता जरा सोप्या गोष्टी. तेलाच्या पिशवीवर वजन वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवी तेवढीच दिसते, पण आतलं तेल कमी असू शकतं. तेव्हा भाव किलोवर काढून बघा. कांदा एप्रिल-मेमध्ये उन्हाळी घ्या, तो टिकतो. पावसाळ्यानंतरचा लाल कांदा साठवू नका. आणि वर्षाचा गहू एकत्र घ्या. आपल्या सोसायटीत दर एप्रिलला गव्हाचा टेम्पो येतो ना, त्याची सुरुवात २०१७ मध्ये आमच्या विंगच्या जिन्यात झाली. पाच घरं होती. पायरीवर बसलेल्या मला पाणी देणाऱ्या वहिनीच पहिल्या म्हणाल्या, "चल, मिळून घेऊ."

ह्यांना पुढे नोकरी लागली, पगार आधीपेक्षा कमी. चाललंय आमचं. सासूबाई आज नाहीत. दर जानेवारीत नवी वही आणते, आणि पहिल्या पानावर त्यांच्या त्या तीन ओळी तशाच उतरवते.

आज घरी गेल्यावर आपापली वही उघडा. तिच्यात आपलं नाव कुठे आहे ते शोधा. नसेल तर आजच लिहा.

 

– एक सभासद, बी विंग