लातूरचे प्राचार्य आणि देवणीचं वासरू



देवणीच्या बाजारात वासरू आलं की जाणता माणूस आधी त्याचा रंग बघतो. तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं असेल तर वानेरा, सगळं पांढरं असेल तर बालंक्या, अंगावर काळे ठिपके असतील तर शेवरा. दूधही देणारी आणि औतालाही चालणारी ही जात आमच्या गावाच्या नावानं ओळखली जाते. अशाच एका गोऱ्ह्याच्या पैशातून आमच्या घरातल्या लेकराची लातूरची फी भरली गेली. म्हणून आज मला लातूरच्या एका प्राचार्यांविषयी बोलायचं आहे.

डॉ. जनार्दन वाघमारे. १९७० साली लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झालं, त्याचे ते संस्थापक प्राचार्य. शिकवायचे इंग्रजी, अभ्यास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा. ज्यांना शतकानुशतकं कमी लेखलं गेलं, त्यांचं लेखन वाचून हा माणूस मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाकडे वळला, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे जो 'लातूर पॅटर्न' म्हणून गाजला, तो उभा राहिला जादा तासांवर, सुटीतल्या वर्गांवर, पुन्हा पुन्हा घेतलेल्या चाचण्यांवर. गुरुजींनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि खेड्यातली पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत दिसू लागली.

मग गाव बदललं. डाळीच्या गिरण्या आणि आडत यांवर जगणाऱ्या लातुरात खोल्या भाड्यानं जाऊ लागल्या, खानावळी निघाल्या, पुस्तकांची दुकानं वाढली. एका महाविद्यालयाच्या शिस्तीतून शेकडो चुली पेटल्या. कारखाना आणला असता तर त्याचं उद्घाटन झालं असतं. ही कमाई मात्र कुणी फीत न कापता आली.

किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं, तेव्हा १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू वाघमारे सरच. तोवर आमच्याकडच्या महाविद्यालयांचं विद्यापीठ औरंगाबादला होतं. पदवीच्या एका कागदासाठी तिकडची वाट धरावी लागे. पुढे सर लातूरचे नगराध्यक्ष झाले, २००८ ते २०१४ राज्यसभेत होते. प्राचार्यानं गावच्या नळापर्यंत आणि गटारापर्यंत लक्ष घालावं, हे मला त्यांच्या पदांपेक्षा मोठं वाटतं.

पण देवणीत उभं राहून बघितलं की मन कातर होतं. उदगीरमार्गे लातूरला जाणारी एसटी पोरांनी भरून जाते, खोलीभाड्याचे आणि मेसचे पैसे दर महिन्याला तिच्यामागून जातात. शिकलेलं लेकरू पुण्याला, हैदराबादला थांबतं. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, दुधासाठी संकरित गाय आली. विद्यापीठांच्या भाषेत 'विस्तार' नावाचं काम आहे, म्हणजे तिथलं ज्ञान लोकांपर्यंत नेणं. अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीचं तिसरं अंग म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगानं ते १९७७ सालीच मानलं. ते काम आमच्या गोठ्यापर्यंत यायला हवं. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगावी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं होतात. त्या मुलामुलींनी बाजाराच्या दिवशी वही घेऊन बसावं. कोणत्या गाईचं कोणतं वासरू, आई किती दूध देते, बाप कुणाच्या दावणीचा, हे लिहावं. चांगल्या वळूची नोंद असेल तर त्याच्या वासराला भाव मिळेल, आणि चार पैसे देवणीतच राहतील.

गेल्या दिवाळीत पुतण्या लातूरहून आला होता. त्याचे आजोबा गोठ्यात बसून आमच्या वानेऱ्या गाईची आई, आजी, पणजी सांगत होते. त्यानं भौतिकशास्त्राची वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहायला लागला. तीन पिढ्या भरभर उतरल्या. चौथीपाशी आजोबा थांबले, डोळे मिटून आठवत राहिले, आणि पुतण्या पेन उचलून वाट बघत बसला.