दुसऱ्याच्या श्वासातील अत्तर

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात संगीताविरुद्ध एक तक्रार नोंदविली आहे. संगीत न बोलावता शेजाऱ्याच्या घरात शिरते, असे त्याचे म्हणणे. आणि ते पटवून देण्यासाठी त्याने उदाहरण निवडले ते अत्तर लावलेल्या हातरुमालाचे. खिशातून असा रुमाल काढणारा मनुष्य भोवतालच्या सर्वांवर तो वास लादतो; ज्याला श्वास घ्यावयाचा आहे त्याला वासही घ्यावाच लागतो. म्हणून ही चाल आता मागे पडली आहे, असेही तो सांगून टाकतो. चाल मागे पडली नाही, हे उघड आहे. कुपी तेवढी स्वस्त झाली.

अत्तर ही अंगावर धारण करावयाची वस्तू आहे, वस्त्रासारखी किंवा दागिन्यासारखी. मग तिच्यावर बंधन घालणे म्हणजे मनुष्याच्या स्वतःच्या देहावरील अधिकारावरच आक्रमण नव्हे काय? इतरांना होणारी हानी टाळावयाची असेल तरच समाजाने प्रौढ व्यक्तीवर सक्ती करावी, असा दंडक जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ मध्ये सांगितला, आणि या वादातील दोन्ही पक्ष त्याच्याच आधाराने बोलतात. परंतु वस्त्राची उपमा फार दूर नेता येत नाही. न आवडणाऱ्या वस्त्रावरून दृष्टी वळविता येते. श्वास मात्र रोखून धरता येत नाही. शिवाय अत्तराचे कार्यच मुळी अंगापासून सुटून हवेत मिसळण्याचे. जे हवेत मिसळत नाही त्याला वास नाही, आणि ज्याला वास नाही ते अत्तर कोणी विकत घेणार नाही.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात घडलेले प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील नगर प्रशासनाच्या नियोजन विभागातील एका स्त्रीला सहकारी स्त्रीच्या उग्र अत्तरामुळे श्वास घेणे कठीण होऊ लागले. सहकारी स्त्रीने आपले विजेवर चालणारे सुगंधी उपकरण बंद केले. अत्तर लावणे मात्र चालूच ठेवले. अखेर अपंगांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या कायद्याखाली प्रशासनाविरुद्ध दावा दाखल झाला. २००८ मध्ये न्यायालयाने तो सुनावणीपूर्वीच निकालात काढण्यास नकार दिला, कारण श्वासोच्छ्वास ही जीवनातील एक प्रमुख क्रिया होय. २०१० मध्ये तडजोड झाली. प्रशासनाने एक लाख डॉलर दिले आणि तीन इमारतींत फलक लावण्याचे मान्य केले. फलकांवरील भाषा आज्ञेची नव्हती. अत्तरे, सुवासिक मलमे, केसांवरील फवारे आदी वस्तू वापरू नयेत अशी ती विनंती होती. विनंती पुरेशी होते की नाही हे अर्थातच सहकाऱ्यांच्या स्वभावावर अवलंबून राहते. याउलट, त्याच देशातील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी २००९ मध्ये आपल्या इमारतींच्या आत सुगंधी वस्तू वापरण्यास सरळ मनाई केली.

या तक्रारी कितपत खऱ्या मानाव्यात? दम्याच्या अनेक रोग्यांना तीव्र वासाने धाप लागते, याविषयी वैद्यांत वाद नाही. त्वचेवर उठणाऱ्या पुरळाविषयीही नाही. युरोपात २००५ पासून अशा २६ सुगंधी घटकांची नावे वेष्टनावर छापणे भाग पडले आणि २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या पुढे नेण्यात आली. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन या यादीत आहे. तेव्हा ‘आमचे अत्तर अस्सल नैसर्गिक आहे’ हा बचाव टिकत नाही. तथापि सर्वच रसायनांनी आपल्याला पीडा होते अशा व्यापक तक्रारीच्या कारणांविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. नियम करणाऱ्याने या दोहोंची गल्लत करू नये.

भारतातील न्यायालयांपुढे हा प्रश्न धुराच्या आणि ध्वनीच्या रूपाने आला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये रुग्णालये, ग्रंथालये, शाळा, सार्वजनिक वाहने अशा ठिकाणी धूम्रपानास बंदी घातली. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात असे म्हटले की, बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकावयास भाग पाडण्याचा अधिकार येत नाही. अत्तराची गणना तंबाखूच्या धुरात करणे अन्यायाचे होईल. तो धूर सर्वांनाच अपाय करतो, अत्तर काहींनाच. पण ‘भाग पाडणे’ हा मुद्दा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. लग्नमंडपाच्या दाराशी पाहुण्याच्या हाताला अत्तर लावतात व गुलाबपाणी शिंपडतात. ज्याला ते नको तो हात मागे घेतो, फार तर लवकर निघून जातो. कनौजच्या बाजारात अत्तराविरुद्ध तक्रार घेऊन कोणी जात नाही. रुग्णालयाच्या खाटेवरील रोगी, वर्गातील मूल आणि रात्रीच्या गाडीतील प्रवासी यांना मात्र उठून जाता येत नाही.

आता एक धोका, आणि तो लहान नाही. वासाचा उपयोग माणसाला दूर ठेवण्यासाठी पूर्वीपासून होत आला आहे. खालच्या वर्गाच्या लोकांना वास येतो असे मध्यमवर्गातील मुलांना शिकविले जाई, हे जॉर्ज ऑर्वेलने १९३७ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिले. भारतात तर चामडे कमावणारा, मासळी विकणारी, गटारे साफ करणारा यांच्या वाट्याला हा तिरस्कार पिढ्यान्पिढ्या आला. स्वयंपाकाच्या वासाचे निमित्त सांगून आजही घर नाकारले जाते. सुगंधावरील नियमाची व्याप्ती उद्या घाम, तेल, मसाला येथपर्यंत वाढली, तर तो आरोग्याचा नियम राहणार नाही. म्हणून नियमाने कुपीत भरून विकल्या जाणाऱ्या वस्तूचे नाव घ्यावे, माणसाच्या अंगाचे नव्हे. आणि नावड हे कारण मुळीच ग्राह्य धरू नये.

डेट्रॉइटच्या वादात पहिल्याने बंद झाले ते अत्तर नव्हे, विजेवर चालणारे उपकरण. कार्यालयांच्या भिंतींवर, उद्वाहनांत, भाड्याच्या मोटारींत ठरावीक वेळाने सुगंधाचा फवारा सोडणारी अशी उपकरणे आज सर्रास दिसतात. ती कोणाच्या अंगावर नसतात, कोणाच्या परंपरेचा भाग नसतात आणि तेथे बसणाऱ्यांना विचारून बसविलेलीही नसतात. ती काढून टाकण्यास कोणाच्याही व्यक्तिस्वातंत्र्याची आडकाठी येत नाही.